हलके किती, टिकाऊ किती?



खानापूर तालुक्यातील एका धर्मग्रामातून एका वडिलांचे पत्र आमच्या हाती आले आहे. त्यांचे चिरंजीव मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून बेळगावातील एका गॅरेजात काम शिकत आहेत. घरी एक जुनी पेट्रोल मोटार आहे. रविवारी आजीला व दोन्ही बहिणींना मिस्साला नेण्याआणण्याचे काम तीच करते, आणि तीच घेऊन येत्या हिवाळ्यात शर्यतीत उतरावे असा मुलाचा मानस आहे. त्यासाठी फ्लायव्हील लेथवर धरून निम्मे कापावे, कनेक्टिंग रॉड घासून बारीक करावे आणि पिस्टन हलके बसवावे, असा बेत शिजला आहे. वडील लिहितात की, आम्ही आजवर जाड ते टिकाऊ असे मानत आलो; इंजिनातले लोखंड काढून टाकल्याने इंजिन सुधारते हे खरे काय, आणि खरे असेल तर कारखान्याने ते आधीच का काढले नाही?

प्रश्न मार्मिक आहे, विशेषतः त्याचा उत्तरार्ध. पितापुत्रांपैकी कोणाची बाजू घ्यावी असा पेच आमच्यापुढे पडलेला नाही, कारण दोघांपाशीही अर्धे अर्धे सत्य आहे.

प्रथम मुलाची बाजू पाहू. बैलगाडी करणारा सुतार चाकासाठी बाभळीचे जड, चिवट लाकूड निवडतो. पण बैलाच्या मानेवरच्या जूसाठी तेच लाकूड तो घेत नाही. वजन कोणाच्या मानेवर पडते हे त्याला ठाऊक असते. इंजिनातही काही भाग जागच्या जागी बसून राहतात, तर काही अखंड धावत असतात. इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकमध्ये १०० ग्रॅम वजन अधिक असले तर ते १०० ग्रॅमच राहते. पिस्टनची गोष्ट मात्र निराळी आहे. क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो आणि पुन्हा उलट दिशेने धावू लागतो. धावत्या वस्तूला थांबवून मागे खेचण्यास जोर लागतो, आणि तो सर्व जोर कनेक्टिंग रॉडला सोसावा लागतो.

आम्ही थोडे गणित मांडून पाहिले. पिस्टनची चाल ८० मिलिमीटर असलेले साधे मोटारीचे इंजिन घ्या. पिस्टन, त्याच्या रिंगा व पिन मिळून वजन ४०० ग्रॅम धरा. मिनिटाला ३,००० फेरे असताना पिस्टन वरच्या टोकाला पोहोचला की तो रॉडला सुमारे २०० किलो वजन टांगल्यासारखा ओढतो. फेरे दुप्पट, म्हणजे ६,००० केले, तर ओढ दुप्पट होत नाही. ती चौपट होऊन ८०० किलोंच्या वर जाते. अर्ध्या किलोहूनही कमी वजनाचा तो तुकडा, आणि त्याची ओढ धान्याच्या आठ मोठ्या पोत्यांएवढी! त्याच वेगात पिस्टनमधून १०० ग्रॅम कमी करता आले, तर रॉडवरचा २०० किलोंहून अधिक भार उतरतो. रॉडवरचा भार उतरला म्हणजे रॉडही थोडा हलका करता येतो. रॉड हलका झाला म्हणजे क्रँकशाफ्ट व तिची बेअरिंगे यांनाही उसंत मिळते. शर्यतीच्या इंजिनांचे कारागीर ग्रॅमाग्रॅमासाठी का भांडतात ते यावरून ध्यानी यावे. धावत्या भागांत हलकेपणा हा स्वतःच टिकाऊपणाचा मित्र होऊ शकतो, आणि ‘जाड ते टिकाऊ’ हा आपला जुना समज येथे लंगडा पडतो.

आता वडिलांची बाजू. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पुनःपुन्हा वाकवली की तुटते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. धातूचा हा थकवा आधुनिक जगाला फार मोठे मोल देऊन समजला. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीच्या पुढच्या इंजिनाचा कणा तुटला. मागचे डबे एकमेकांवर चढले, त्यांना आग लागली, आणि त्या काळच्या रिवाजानुसार डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद असल्यामुळे पन्नासाहून अधिक माणसे होरपळून मेली. अपघातस्थळाजवळ पुढे ‘ज्वालांची पवित्र मरिया’ या नावाने एक लहानसे चॅपेल उभारण्यात आले. बरे दिसणारे कणे असे अचानक का तुटतात हा प्रश्न त्यानंतर अभियंत्यांना स्वस्थ बसू देईना. जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कणे यंत्रावर लाखो वेळा फिरवून त्याचा पद्धतशीर छडा लावला.

त्या शोधातून निघालेली गोष्ट मुलाने नीट ऐकावी अशी आहे. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या आत ठेवला, तर ते जवळजवळ अमर्याद काळ टिकते. मर्यादा ओलांडली की मात्र त्याचे फेरे मोजलेले असतात. अॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादाच नसते. ताण थोडा असला तरी तो पुरेशा वेळा पडल्यावर अॅल्युमिनियम केव्हातरी तुटायचेच. शिवाय तडा बहुधा पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यातून, धारदार कोपऱ्यातून किंवा कानशीने आडव्या पडलेल्या खाचेतून सुरू होतो. म्हणून बारीक पण गुळगुळीत रॉड जाड पण ओरखडलेल्या रॉडपेक्षा अधिक जगू शकतो. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे तासाला ३,६०,००० फेरे. थकव्याला जमाखर्च लिहिण्यास वेळ लागत नाही.

हलकेपणा आणि टिकाऊपणा यांचा हा संसार कसा चालतो, हे पाहण्यास ४ जून १९६७ या दिवसासारखा दुसरा दिवस नाही. हॉलंडमध्ये समुद्रकाठच्या झांडव्होर्ट येथे त्या दिवशी डच ग्रां प्री शर्यत होती. इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनच्या कॉसवर्थ कारखान्यात कीथ डकवर्थ या अभियंत्याने फोर्ड कंपनीच्या पैशाने रचलेले तीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन तेथे प्रथमच शर्यतीत उतरले. डी.एफ.व्ही. हे त्याचे नाव. वजन पावणेदोनशे किलोंहून कमी, शक्ती सुमारे ४०० अश्वांची. आदल्या वर्षी लोटस कंपनीने बी.आर.एम.चे सोळा सिलिंडरांचे एक इंजिन वापरून पाहिले होते. ते अडीचशे किलोंच्या आसपास भरत असे आणि वारंवार बिघडत असे, म्हणजे जडही आणि नाजूकही. (जाड ते टिकाऊ, या समजाला हा दुसरा धक्का!) नव्या इंजिनाची आणखी एक खुबी होती. लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी चालकामागचा गाडीचा सांगाडाच काढून टाकला आणि मागची चाके थेट इंजिनाच्या आधारे बसवली. इंजिनाच्या ब्लॉकला जी ताकद असावीच लागते तिच्याकडून गाडीचा कणा होण्याचेही काम करून घेतले. काटकसर करावी तर अशी!

ग्रॅहम हिल आणि जिम क्लार्क हे दोन चालक त्या दिवशी त्या गाड्यांत होते. सरावात सर्वांत वेगवान ठरलेले हिल आरंभापासून आघाडीवर होते. पण पहिल्या काही फेऱ्यांतच त्यांच्या इंजिनाच्या टायमिंगचे दात तुटले आणि गाडी थांबली. तसलेच इंजिन घेऊन धावणारे क्लार्क मात्र शर्यत जिंकले. एकच कारखाना, एकच आराखडा, एकच दिवस; आणि एकाच्या पदरी यश, तर दुसऱ्याच्या पदरी तुटके दाते.

यानंतर डकवर्थ यांनी काय केले ते आम्हांला सर्वांत बोधप्रद वाटते. दाते तुटतात म्हणून ते दुप्पट जाड करणे ही कोणाच्याही मनात प्रथम येणारी युक्ती. परंतु दाते दुबळे असल्यामुळे तुटत नव्हते. क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्हची यंत्रणा यांच्या कंपनाचे हिसके त्यांच्यावर येत होते, म्हणून ते तुटत होते. काही वर्षांच्या खटपटीनंतर डकवर्थ यांनी त्या दातेचक्राच्या पोटात बारीक पोलादी दांड्यांची एक लवचीक योजना बसवली. हिसका आला की दांड्या किंचित पिळवटत आणि परत सरळ होत. दाते वाचले. त्या इंजिनाच्या घराण्याने १९८३ पर्यंत १५५ ग्रां प्री शर्यती जिंकल्या. धातू कोठे घालावा आणि कोठे काढावा हे ठरवण्याआधी भाग का मोडतो हे शोधावे लागते, आणि हे काम लेथवर होत नाही, डोक्यात व्हावे लागते.

‘टिकाऊ’ हा शब्द मात्र फसवा आहे, कारण किती वेळ टिकाऊ हे त्यात सांगितलेले नसते. अमेरिकेतील सरळ पल्ल्याच्या शर्यतींत टॉप फ्युएल नावाच्या वर्गाच्या गाड्या २००८ पासून १,००० फुटांची धाव घेतात. ही धाव चार सेकंदांच्या आत संपते. त्यांचे कनेक्टिंग रॉड अॅल्युमिनियमचे असतात, आणि प्रत्येक धावेनंतर इंजिन उकलून पुन्हा बांधले जाते. अॅल्युमिनियम केव्हातरी तुटणार हे त्यांना चांगले ठाऊक आहे. तत्पूर्वी ते बदलण्याची तजवीज केली की त्यांचे भागले. त्यांच्यापुरता तो रॉड टिकाऊच म्हणायचा.

दुसऱ्या टोकाला फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत. १९६६ साली तेथे उतरताना फोर्ड कंपनीने सात लिटरचे अवाढव्य इंजिन निवडले. सिलिंडरांचा ब्लॉक बिडाचा ठेवला, कारण तेथे भरवसा हवा होता. वरची हेडे मात्र अॅल्युमिनियमची केली, कारण तेथे वजन उतरवता येत होते. आणि फ्रान्सला जाण्यापूर्वी घरच्याच परीक्षणयंत्रावर इंजिन जोडून, ल मान्सच्या वाटेवर जसा वेग वाढेल व कमी होईल तसा तो वाढवत व कमी करत, तासन् तास चालवून पाहिले. शर्यतीत फेरारी कारखान्याच्या मुख्य गाड्या एकामागून एक गळाल्या आणि फोर्डने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. परंतु जडपणाचे देणे कोणालातरी चुकवावेच लागते. इंजिनाने ते चुकवले नाही, ब्रेकनी चुकवले. एवढी जड गाडी पुनःपुन्हा थांबवताना ब्रेकच्या चकत्या इतक्या तापत की शर्यत चालू असताना त्या झटपट बदलण्याची खास सोय करून ठेवावी लागली होती.

पुढे शर्यतींच्या नियामकांनीच हा तराजू हाती घेतला. फॉर्म्युला वन शर्यतींत एका आठवड्याअखेरीस अनेक इंजिने खर्ची घालण्याची चाल होती. २००४ पासून शर्यतीच्या आठवड्याअखेरीस एकच इंजिन, २००५ पासून दोन शर्यतींना एक इंजिन, २००९ मध्ये साऱ्या हंगामास आठ आणि २०१८ मध्ये तीन, अशी बंधने आली. २००६ पासून इंजिन ९५ किलोंहून हलके असता कामा नये असाही नियम झाला. म्हणजे त्यापलीकडे काटछाट करून लाभ उरला नाही. बेरिलियम या फार हलक्या आणि ताठ धातूचे मिश्रण पिस्टनसाठी वापरणेही २००१ पासून बंद पडले. त्याची धूळ श्वासावाटे गेली तर फुप्फुसे कायमची नासतात. आणि ती धूळ चालकाच्या नव्हे, तर लेथवर काम करणाऱ्या कामगाराच्या वाट्याला येते. हा एक नियम आम्हांला मनापासून पटतो.

आता जी हकीकत सांगतो ती वडिलांनी मुलाला वाचून दाखवावी अशी विनंती आहे. १९६८ साली जपानच्या होंडा कंपनीने पाण्याऐवजी वाऱ्याने थंड होणारे इंजिन असलेली एक नवी गाडी तयार केली. रेडिएटर नाही, पाणी नाही, पाण्याच्या नळ्या नाहीत. तेवढे वजन वाचले. गाडीच्या अंगासाठी मॅग्नेशियमचा वापर केलेला होता. ते अॅल्युमिनियमच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश वजनाचे असते, पण एकदा पेटले की विझवणे महाकठीण. कंपनीचे मुख्य चालक जॉन सर्टीझ यांनी गाडी चालवून पाहिली आणि ही अद्याप शर्यतीस योग्य नाही असे सांगून ती शर्यतीत नेण्यास नकार दिला. तरीही ७ जुलै १९६८ रोजी रुआँ येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये ती उतरवण्यात आली, आणि ती चालवण्यास फ्रान्सचे ज्यो श्लेसर यांना बसवण्यात आले. पाऊस पडत होता. आरंभीच्या फेऱ्यांतच गाडी घसरून बांधावर आदळली, इंधनाने भरलेल्या टाक्यांसह पेटली आणि श्लेसर जागीच गेले. त्याच शर्यतीत सर्टीझ कंपनीची जुनी, पाण्याने थंड होणारी आणि जड गाडी घेऊन दुसरे आले.

त्या गाडीचे वजन काटेकोर मोजले गेले होते यात शंका नाही. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे आपल्या प्रभूने शुभवर्तमानात सांगितले आहे, ते आपण पैशापुरते समजतो. येथे खर्च कागदावर एकाने मांडला आणि तो भरला दुसऱ्याने. सर्टीझ यांच्या नकाराला आम्ही म्हणूनच त्यांच्या विजयांइतकेच मोठे मानतो.

चिरंजीवांस आता आमचे थेट सांगणे. तुमच्या घरच्या इंजिनाचे फ्लायव्हील बिडाचे ओतीव असेल तर ते निम्मे कापू नका. ६,००० फेऱ्यांना २८ सेंटिमीटर व्यासाच्या फ्लायव्हीलची कड ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावते. ओतीव बीड दाब उत्तम सोसते, ओढ मात्र सोसत नाही. ते फुटले तर त्याचे तुकडे चालकाच्या पायांच्या दिशेने येतात. हलके फ्लायव्हील हवेच असेल तर घडीव पोलादाचे, त्याच कामासाठी केलेले घ्यावे. तरीही एक गोष्ट ध्यानात असू द्या: फ्लायव्हील हे जात्याच्या वरच्या पाळीसारखे आहे, फेऱ्यातला जोर ते साठवून ठेवते. ते हलके केले की इंजिन चटकन वेग घेते हे खरे. पण चोर्ला घाटाच्या चढावर, आजी, बहिणी आणि तांदळाचे पोते यांसह गाडी थांबवून पुन्हा उचलू पाहाल तेव्हा इंजिन दचके देऊन बंद पडेल.

कनेक्टिंग रॉडला कानस लावू नका. चारही रॉड तराजूत घालून पाहा. त्यांच्या टोकांना वजन जुळवण्यासाठी म्हणून थोडा धातू मुद्दाम ठेवलेला असतो. तेवढ्यातूनच काढून चौघांचे वजन सारखे करा. साच्याच्या सांध्याची कडा गुळगुळीत करायची असेल तर हात रॉडच्या लांबीच्या दिशेने चालवा, आडवा कधीही नको. मोठ्या टोकाचे बोल्ट मात्र नवे घ्या; जुने बोल्ट ताणले गेलेले असतात, आणि तेथे वाचवलेले पैसे ब्लॉकला भोक पाडून परत जातात. टायटॅनियमच्या रॉडविषयी तुम्ही कोठे वाचले असेल. होंडाने १९९० साली आपल्या एन.एस.एक्स. गाडीत ते बसवले होते. पोलादाच्या मानाने टायटॅनियम चाळीस टक्क्यांहून अधिक हलके. पण ताठपणा निम्मा, घर्षणाच्या जागी चिकटून ओरबाडण्याची खोड आणि किंमत अशी की बाबांनी ती ऐकू नये हेच बरे. हलके घडीव पिस्टन चांगल्या कारखान्याचे मिळाले तर जरूर बसवा. खर्च करायचाच तर तो तेथे सार्थकी लागेल.

कारखान्याने हे सारे आधीच का केले नाही, या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आता सोपे आहे. कारखान्याला ठाऊक नव्हते की ही गाडी कोण चालवील, तेल वेळेवर बदलील की नाही, आणि ती दहा वर्षे धावेल की तीस. म्हणून त्याने अज्ञाताच्या नावाने थोडे लोखंड जादा ठेवले. शर्यतवाल्याला आपला पल्ला माहीत असतो, म्हणून तो ते काढू शकतो. तुमच्या गाडीचे दोन पल्ले आहेत, आणि दुसरा पल्ला देवळापर्यंतचा आहे. एकाच इंजिनाकडून दोन्ही कामे मागू नका. जुन्या बाजारात त्याच जातीचे दुसरे इंजिन मिळाले तर ते शर्यतीसाठी बांधा, धाव झाली की उकला, तपासा आणि घरचे इंजिन परत चढवा. कष्ट पडतील; पण तुम्ही तर मेकॅनिकच होऊ पाहता! शर्यतीच्या दिवशी मागचे बाक, जॅक आणि सुटे चाक उतरवून ठेवलेत, तर एकही बोल्ट न दुखावता बरेच वजन कमी होईल. मात्र शनिवारी संध्याकाळी बाक परत बसवायला विसरू नका. आजींना उभ्याने यावे लागले तर आमच्या नावाने बोल लागेल.

इंजिन उकलाल तेव्हा रॉड आणि क्रँकशाफ्ट यांची एक जुनी परीक्षा घ्या. भाग स्वच्छ धुऊन रॉकेलमध्ये काही तास बुडवून ठेवावा, मग कोरडा पुसून त्यावर खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ लेप द्यावा आणि सुकू द्यावा. कोठे केसाएवढा तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या लेपावर काळसर रेघ उमटेल. रेघ दिसली तर तो भाग कितीही चकचकीत दिसो, भंगारात टाकावा. न दिसली तर आम्हांला कळवावे. शर्यतीचा निकालही सोबत लिहावा.